चंदगडचा काजू बेळगावला का पोहोचत नाही? वस्तू व सेवा कर परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात काजूबीवर प्रक्रिया करणारी एक छोटी उत्पादक आहे. घरामागच्या पडवीत एक लहान बॉयलर, हातापायाने चालणारी बी फोडायची दोन यंत्रे आणि एक ड्रायर एवढाच माझा कारखाना. एप्रिल-मे महिन्यांत आसपासच्या शेतकऱ्यांकडून बी घ्यायची, ती उन्हात वाळवून पोत्यांत भरून ठेवायची, आणि मग वर्षभर थोडी थोडी उकडून, फोडून, साल काढून, अख्खा गर, पाकळी आणि तुकडा असे निवडून विकायचे, हा आमचा क्रम. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळते, म्हणून माझ्याकडच्या चौघीजणी फोडायला बसण्याआधी हाताला खोबरेल चोपडतात. वर्षाची उलाढाल साडेदहा लाखांच्या आसपास असते. त्यातून चौघींची मजुरी, सरपण, वीज, पॅकिंग आणि माझे घर चालते.

हे पत्र लिहायला निमित्त झाले ते एका साध्या मागणीचे. बेळगावच्या शहापुरात माझी सख्खी मावशी राहते. तिच्या शेजारणीने, माझा काजू आवडल्यामुळे, ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर मी तो विकते तिथे दोन किलोची मागणी नोंदवायचा प्रयत्न केला. तिने 590 ने सुरू होणारा पिन कोड टाकला आणि पडद्यावर उत्तर आले की या ठिकाणी ही वस्तू मिळू शकत नाही. शिनोळीची हद्द ओलांडली की बेळगाव आहे. आमच्या तालुक्यातली माणसे दवाखान्याला, बाजाराला आणि लग्नाच्या खरेदीला बेळगावलाच जातात. तरीही माझे पार्सल राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या गोंदियाला जाऊ शकते आणि शहापूरला जाऊ शकत नाही. ही त्या बाजारपेठेची चूक नाही. तिला तसे बंधन आपल्याच शिफारशीवरून निघालेल्या अधिसूचनेने घातले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढचे चुकीच्या अर्थाने वाचले जाणार नाही. मी कराच्या विरोधात नाही, आणि ऑनलाइन विक्रीवर कर असू नये असेही माझे म्हणणे नाही. बाजारपेठेत गाळ्याचे भाडे भरून, बिल फाडून, कर गोळा करून सरकारला देणाऱ्या दुकानदाराने, त्याच वस्तू करावाचून घरपोच देणाऱ्याशी स्पर्धा का करावी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणे हे आपले कर्तव्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दुकानदाराला उलाढालीची जी मर्यादा लागू होते, ती माझ्या बाबतीत राज्याच्या हद्दीवर येऊन संपते.

एप्रिल 2019 पासून केवळ वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा, म्हणजे वर्षाच्या ज्या उलाढालीपर्यंत या करासाठी नोंदणी करावी लागत नाही ती, 20 लाखांवरून 40 लाख रुपये झाली. महाराष्ट्राने ती स्वीकारली. परंतु कायद्याच्या कलम 24 नुसार ऑनलाइन बाजारपेठेवरून वस्तू विकणाऱ्याला, त्याची उलाढाल लाखभर असली तरी, नोंदणी सक्तीची होती. जून 2022 मध्ये चंदीगडला झालेल्या 47 व्या बैठकीत आपण ही सक्ती शिथिल करायचे ठरवले आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ती झाली. त्यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे. पॅन आणि पत्ता देऊन केवळ एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विक्री सुरू करायची, इतके ते सुटसुटीत आहे. मात्र त्याला जोडलेली अट अशी, की विक्री एकाच राज्याच्या आत झाली पाहिजे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या अटीविषयी आहे. ऑनलाइन विक्रीचा अर्थच मुळी लांबचा ग्राहक असा आहे. चंदगडचा काजू चंदगडमध्ये कोणी ऑनलाइन मागवत नाही. आमच्याकडचा माल ज्यांना हवा असतो ती माणसे कामधंद्यासाठी पांगलेली आहेत. कोणी बंगळूरला असतो, कोणी गोव्यात, कोणी वडोदऱ्याला, कोणी इंदूरला. मुंबई-पुण्याच्या ग्राहकापर्यंत माझ्याआधी मोठे व्यापारी पोहोचलेले असतात. तिलारीचा घाट उतरून पुढे गेले की गोवा आहे आणि शिनोळीपलीकडे कर्नाटक, म्हणजे आमच्या तालुक्याच्या दोन बाजूंच्या जवळच्या बाजारपेठा दुसऱ्या राज्यांत आहेत. हद्दीवरच्या उत्पादकाला राज्यातल्या राज्यात विकायची सवलत देणे म्हणजे त्याला अर्धेच अंगण देणे आहे. तीच मावशी स्वतः चंदगडला आली आणि पिशवीत काजू भरून घेऊन गेली, तर कायद्याची काही हरकत नसते. तोच काजू कुरिअरने गेला की मी नियमभंग करणारी ठरते.

ही अट वस्तूंनाच का, याचे उत्तर मी पुष्कळ शोधले आणि मला मिळाले नाही. ऑक्टोबर 2017 पासून आपण 20 लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादारांना राज्याबाहेर सेवा देण्यासाठी नोंदणीतून सूट दिली आहे, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ऑनलाइन मंचावरून सेवा देणाऱ्या बहुतेक छोट्या व्यावसायिकांनाही ती मिळाली. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू बनवणाऱ्यांनाही राज्याबाहेर विक्रीसाठी 2017 मध्येच सूट मिळाली. माझ्या पाकिटावरचे लेबल ज्या मुलाने घरी बसून बनवले, तो उद्या हैदराबादच्या ग्राहकाला लेबल बनवून देऊ शकतो आणि त्याला नोंदणीची गरज पडत नाही. त्याच्या प्रगतीचा मला आनंदच आहे. पण ते लेबल ज्या पाकिटावर चिकटते, ते पाकीट हैदराबादला जाऊ नये, यामागचा विचार कोणीतरी समजावून सांगावा.

यावर ‘मग नोंदणी करून टाका’ असे सांगितले जाते. मी ती केली होती. 2021 मध्ये ऑनलाइन विकायचे तर दुसरा मार्गच नव्हता. त्या तीन वर्षांचा हिशेब आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ही माझी दुसरी तक्रार आहे, आणि काजूच्या धंद्यात नसलेल्या माणसाला ती सहज दिसणार नाही.

शेतकऱ्याकडून न फोडलेली काजूबी नोंदणीकृत व्यक्तीने घेतली, तर त्यावरचा 5 टक्के कर शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. नोंदणी नसलेल्याला तो भरावा लागत नाही. 2022 च्या हंगामात मी 120 रुपये किलोने सुमारे पाच टन बी घेतली, म्हणजे सहा लाखांची. त्यावर 30 हजार रुपये कर झाला, आणि तो रोखीनेच भरावा लागतो. पुढे काजूगर विकताना त्याची वजावट मिळते, हे खरे आहे. पण बी मे महिन्यात येते आणि शेवटचा गर पुढच्या मार्चमध्ये विकला जातो. हंगामात एकेक पोत्यासाठी पैसा जुळवावा लागतो, पतसंस्थेचे कर्ज आधीच उचललेले असते, अशा वेळी 30 हजार आधी सरकारकडे जमा करून वर्षभरात थोडे थोडे परत मिळवायचे, हे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. त्या रकमेत अडीचशे किलो बी आली असती.

वर्षअखेरीला हिशेब केला. विक्रीवरचा कर साडेबावन्न हजार. त्यातून बीवर भरलेले 30 हजार, बाजारपेठेच्या कमिशनवरचा आणि पॅकिंगवरचा कर वजा जाता आणखी सुमारे नऊ हजार भरायचे राहिले. म्हणजे माझ्या हातून थेट सरकारकडे 39 हजार गेले. ते नीट जावेत, विवरणपत्रे वेळेवर भरली जावीत, बाजारपेठेने कापलेला कर जुळवून घेतला जावा, परत आलेल्या पार्सलांच्या नोंदी व्हाव्यात, यासाठी कर सल्लागाराला महिना दीड हजार याप्रमाणे 18 हजार द्यावे लागले. त्याने जास्त घेतले असे मी म्हणणार नाही, त्याचे कामच तेवढे होते. तिमाही विवरणपत्राची सवलत आपण दिली आहे, तरी कर दरमहा भरायचा असतो, आणि नेट नसलेल्या दिवशी त्यासाठी गडहिंग्लजला जावे लागते. सरकारला 39 हजार पोहोचवण्यासाठी 18 हजार खर्च होत असतील, तर दोष भरणाऱ्याचा नाही.

मग 2023 चा पावसाळा आला. सासूबाईंचे दुखणे बळावले, मी दवाखाना आणि घर यांत अडकले आणि दोन तिमाहींची विवरणपत्रे राहिली. नोंदणी रद्द का करू नये, अशी विचारणा ई-मेलवर इंग्रजीत आली. मी ती उघडली तोवर उत्तर देण्याची मुदत संपत आली होती. उशीर झाला ही चूक माझी होती आणि विलंब शुल्क मी निमूटपणे भरले. छोट्यांसाठी त्या शुल्काची कमाल मर्यादा 2021 मध्ये आपणच खाली आणलीत, याची जाणीव मला आहे. पण व्यवसाय बंद होऊ शकतो असे सांगणारे पत्र मला माझ्या भाषेत का येऊ नये? वीज मंडळाचे बिल मराठीत येते, सातबारा मराठीत मिळतो. 2024 मध्ये मी स्वतःहून नोंदणी सोडली. सोडतानाही शिल्लक मालावरच्या वजावटीची परतफेड, मग तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र, असे सारे सोपस्कार केले. आता मी नावनोंदणी क्रमांकावर विकते, आणि म्हणून बेळगाव माझ्यासाठी बंद आहे.

3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीनंतर, ऑनलाइन बाजारपेठांवरून अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सुलभ नोंदणीच्या कल्पनेला तत्त्वतः मंजुरी दिल्याचे वाचले, तेव्हा मला फार बरे वाटले होते. नीट वाचल्यावर लक्षात आले की तिचा रोख प्रत्येक राज्यात व्यवसायाचे मुख्य ठिकाण दाखवावे लागण्याच्या अडचणीवर आहे. दुसऱ्या राज्यातल्या गोदामात माल ठेवणाऱ्यांना तिचा उपयोग होईल आणि ती आवश्यकच आहे. पण माझा माल चंदगडमधूनच निघतो. नोंदणी मिळवणे सोपे झाल्याने तिच्यामागून येणारा रिव्हर्स चार्ज, दरमहा भरणा आणि 18 हजारांचा खर्च कमी होत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र आपल्याला खासगीत न पाठवता जाहीरपणे लिहावेसे वाटले, त्याविषयी लिहिते. बेळगावची मागणी अडली हे कळल्यावर मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला. “बिल कशाला करतेस? फोनवर ऑर्डर घे, पैसे मिस्टरांच्या खात्यावर घे, एसटीच्या पार्सलने पाठवून दे, कोण बघतंय?” सल्ला देणारी माणसे चोर नाहीत. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते, एक पतसंस्थेतले होते. सरळ मार्गाने जे होत नाही ते आडमार्गाने करावे लागते, असे इतक्या सज्जन माणसांना सहज वाटू लागले आहे, हे मला 30 हजारांच्या अडकण्यापेक्षा जास्त टोचते. मी तो सल्ला मानलेला नाही आणि मानणार नाही. पण माझ्यासारखी दुसरी एखादी, जिच्या घरात मुलाची फी भरायची आहे, तिने तो मानला तर तिला दोष द्यायला माझी जीभ उचलणार नाही.

लोक कराला विरोध करतात, असे आपल्या बैठकांतून आणि भाषणांतून म्हटले जाते. आमच्या भागाला या विरोधाचा मोठा अनुभव आहे. एलबीटीविरुद्ध, म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, 2013 मध्ये महाराष्ट्रातल्या बाजारपेठा बंद राहिल्या आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी तो उठला. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध कोल्हापूरकर एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यांबरोबर वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. त्यांना रस्ते नको होते किंवा महापालिका नको होती, असे कोणी म्हणू शकेल का? वसुलीची जी रीत होती, जो हिशेब लोकांना पटत नव्हता, त्याला तो विरोध होता. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या दुकानदारांना कराच्या नोटिसा गेल्या, त्यांत करमुक्त भाजी आणि दूध विकणारेही होते. त्यानंतर बंगळुरात क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ज्या व्यवहाराची नोंद आपोआप होत होती, तो एका नोटिशीने पुन्हा अंधारात गेला. चुकवणाऱ्यांना सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. 40 लाखांच्या वर ज्याची करपात्र उलाढाल आहे त्याने भरलेच पाहिजे. पण आधी विचारणा आणि मग मागणी हा क्रम पाळला असता, तर त्या पाट्या लागल्या नसत्या.

माझ्या मागणीवर काय आक्षेप येतील, याचा मी विचार केला आहे. पहिला महसुलाचा. हा कर जिथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळतो, म्हणजे माझा काजू बेळगावात खाल्ला गेला तर कर कर्नाटकाचा. परंतु कर्नाटकातलाच एखादा छोटा उत्पादक 40 लाखांच्या आत राहून बेळगावात काजू विकतो तेव्हाही कर्नाटकाला त्या विक्रीवर कर मिळत नाही, आणि ते त्या राज्याने मान्य केलेले आहे. दुसरा आक्षेप, एकच माणूस उलाढाल वाटून मर्यादेखाली राहील. दुकानाच्या गल्ल्यावर ती भीती खरी आहे. ऑनलाइन बाजारपेठेवर मात्र प्रत्येक नावनोंदणी पॅनला जोडलेली आहे, आणि माझी विक्री ती बाजारपेठ दरमहा आपल्या विवरणपत्रात सरकारला कळवते. माझ्या धंद्यातला जो भाग सर्वांत उघड आहे, त्यालाच सर्वांत जास्त बंधन आहे.

इतर देशांनीही हा प्रश्न सोडवताना छोट्यांना बाजूला काढले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वेफेअर खटल्यात, राज्याबाहेरच्या ऑनलाइन विक्रेत्यालाही विक्रीकर गोळा करायला लावता येईल असा निर्णय दिला. तो ज्या साउथ डकोटाच्या कायद्यावर होता, त्यात वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा अधिक विक्री किंवा 200 व्यवहार अशी मर्यादा होती आणि न्यायालयाने तिची दखल घेतली. युरोपीय संघाने जुलै 2021 पासून सीमेपलीकडच्या ऑनलाइन विक्रीसाठी वर्षाला 10 हजार युरोंची मर्यादा ठेवली आहे, आणि तिच्यापुढे गेलेल्याला सगळ्या देशांचा कर एकाच ठिकाणी भरायची सोय केली आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. ऑनलाइन बाजारपेठेवरून राज्याबाहेर वस्तू विकणाऱ्यालाही, सेवा पुरवठादाराप्रमाणे, निदान 20 लाखांच्या एकूण उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट मिळावी आणि पॅनवरची नावनोंदणी त्यासाठी पुरेशी मानावी. हे आज शक्य नसेल, तर कर बाजारपेठेनेच भरावा अशी सोय करावी. कलम 9(5) खाली टॅक्सीचा आणि 1 जानेवारी 2022 पासून उपाहारगृहांचाही कर ऑनलाइन कंपन्याच भरतात. ते कलम आज सेवांपुरते आहे, ते छोट्या उत्पादकांच्या वस्तूंपर्यंत वाढवावे. माझ्या विक्रीतून तो कर कापला गेला तरी माझी हरकत नाही. मला विवरणपत्रांच्या फेऱ्यातून सुटका हवी आहे, करातून नव्हे. जो छोटा प्रक्रिया करणारा तरीही नोंदणी करील, त्याला काजूबीवरचा रिव्हर्स चार्ज खरेदीच्या वेळी न मागता गर विकला जाईल तसा भरू द्यावा. नोंदणी रद्द करण्याची किंवा कराच्या मागणीची कोणतीही नोटीस त्या राज्याच्या भाषेत यावी, आणि 40 लाखांखालच्या माणसाला तिच्याआधी एक फोन जावा. सप्टेंबरमधल्या सुलभ नोंदणीच्या योजनेचा मसुदा जाहीर करून त्यावर छोट्या विक्रेत्यांची मते मागवावीत. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी दिल्लीत असतात, आम्ही नसतो.

आपल्या परिषदेत महाराष्ट्राचे, कर्नाटकाचे आणि गोव्याचे मंत्री एकाच मेजाभोवती बसतात. शिनोळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस ज्यांच्यापुढे एकत्र आपली गोष्ट मांडू शकेल, अशी दुसरी जागा देशात नाही, म्हणूनच कोणा एका सरकारला न लिहिता मी आपल्याला लिहिले.

काजूचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. किती बी घ्यायची, कर्ज किती उचलायचे आणि दोन बायका वाढवायच्या की नाही, हे मी मार्चअखेरपर्यंत ठरवते. त्याआधी या पत्राचे उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक काजू उत्पादक
तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर